माइनस्वीपरला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धातल्या छोट्या लाकडी माइनस्वीपरवर, म्हणजे समुद्रातले सुरुंग साफ करणाऱ्या बोटींवर, लिहितेय. बातम्यांत 'सुरुंगशोधक' वाचलाय. चालेल?

– इथे नको. शोधक सोनारने, म्हणजे पाण्यात सोडलेल्या ध्वनिलहरींनी, एकेक सुरुंग हुडकतो. तुमच्या बोटी न बघताच ठरलेला पट्टा साफ करायच्या. तळाला तारेने नांगरलेल्या सुरुंगांसाठी मागे तारदोर ओढायचा. त्याच्या कातरीने सुरुंगाची तार तुटली की तो वर येई आणि डेकवरून रायफलीने उडवला जाई. चुंबकी सुरुंग मात्र तळाशी पडून असतो, वरून पोलादी जहाज गेलं की फुटतो. २३ नोव्हेंबर १९३९ ला इंग्लंडच्या शूबरीनेसला ओहोटीच्या चिखलात असा एक जर्मन सुरुंग उघडा पडला आणि ब्रिटिश नौदल अधिकारी जॉन ऊव्री यांनी तो खोलला, तेव्हा त्याची खोड कळली. मग दोन बोटी जोडीने निघत, मागे तरंगत्या केबली, त्यांतून खाऱ्या पाण्यात विजेचे झटके. सुरुंग फसून मागच्या मागे फुटायचा. हे काम पोलादी बोटीने केलं तर पहिला बळी तीच, म्हणून लाकूड. अमेरिकी वायएमएस जातीची माइनस्वीपर १३६ फुटी होती. समुद्रसंशोधक कुस्तोची बोट 'कॅलिप्सो' मूळची त्याच जातीची.

प्रश्न: मग 'सुरुंगझाडू'? स्वीपर म्हणजे झाडणाराच की.

– गोळी झाडतात तसा सुरुंग झाडला असं वाचतील लोक. म्हणजे नेमकं उलट! 'सुरुंगनाशक' अर्थाने बरा, पण शेजारी 'विनाशिका' (डिस्ट्रॉयर) आली की वाचक गोंधळणार. आणि बोटीच्या धडाला इंग्रजीतला 'हल' शब्द घेऊन 'लाकडी हल' तर मुळीच लिहू नका, बलरामाचा नांगर डोळ्यांपुढे येतो. सरळ 'लाकडी बांधणीची' म्हणा.

प्रश्न: 'चुंबकी सुरुंगापासून सुरक्षित' असं लिहू ना?

– 'धोका कमी' लिहा. इंजिन लोखंडीच असतं. कोरियात वॉन्सानच्या बंदरात १८ ऑक्टोबर १९५० ला दक्षिण कोरियाची वायएमएस ५१६ चुंबकी सुरुंगानेच उडाली, आणि ती लाकडीच होती.

प्रश्न: आपल्याकडच्या पहिल्या आयएनएस कारवार, काकीनाडा याच कुळातल्या ना?

– त्या पुढच्या पिढीतल्या, ब्रिटिश 'टन' नावाच्या वर्गाच्या. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, वर महोगनीच्या फळ्या. त्यांना निखळ लाकडी म्हणता येणार नाही.

– माझं मत: पहिल्यांदा 'सुरुंग काढणारी लाकडी बोट', पुढे बिनदिक्कत 'माइनस्वीपर'.