अ‍ॅनिमल वेल: ६४ पैकी ४१ अंडी, आणि आता गाडं अडलंय

मंडळी, मदत हवी आहे. इथे फोंड्यात चार दिवस पाऊस थांबायचं नाव घेत नाही, म्हणून 'अ‍ॅनिमल वेल' हा व्हिडिओ गेम डाउनलोड केला. जेमतेम ३३ एमबी! बिली बासो या एकट्या माणसाने सात वर्षं खपून केलेला, २०२४ मध्ये आलेला गेम. आत अंधार, टपटपणारं पाणी, खिडकीबाहेरही तेच. दिवे मालवून खेळतो, तर आईला वाटतं मला काहीतरी बाधलंय.

शेवटापर्यंत जायला लागणाऱ्या चारही ज्योती मिळाल्या, शेवटही पाहिला. पण गेममध्ये लपवलेली अंडी सापडली ती ४१च. बुडबुड्यावर उभं राहून उडी जमते, फटाक्यांनी भुतं पळवता येतात. अडलंय ते बासरीपाशी. आठ दिशांना आठ सूर, हे कळलं. पण कोणती धून वाजवायची हे भिंतीवरच्या खुणांवरून ओळखायचं का? वहीची तीन पानं बाणांनी भरलीत.

उत्तर सांगू नका, व्हिडिओ तर नकोच. कुठे बघू एवढंच सुचवा. आणि नकाशावर शिक्के मारायची तुमची काही पद्धत आहे का? माझा नकाशा म्हणजे म्हापशाचा शुक्रवारचा बाजार झालाय.