जुनी फायबर बोट घ्यावी का? मशीन झकास, पण मागची फळी कुजलीये (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मी मूळचा मालवणजवळच्या देवबागचा, नोकरी पुण्यात. गावी धाकटा चुलतभाऊ आहे, तो आत्तापर्यंत दुसऱ्याच्या बोटीवर पर्यटकांना घेऊन डॉल्फिन आणि त्सुनामी आयलंडच्या फेऱ्या मारायचा, आता स्वतःची बोट हवी म्हणतोय, पैसे अर्थातच दादाचे. तर शेजारच्या गावात एक २२ फुटी फायबर बोट विकायला आहे, तेरा-चौदा वर्षं जुनी, सोबत ४० एचपी यामाहा टू-स्ट्रोक मशीन, म्हणजे मागे अडकवायचं इंजिन. मालक दोन्हीचे मिळून ३ लाख ४० म्हणतोय. आमची ऐपत ताणून तितकीच आहे, नवीन बोटीचा विषयच नको.

गेल्या रविवारी बघून आलो. मशीन पडवीत काढून ठेवलेलं, मेकॅनिकने पिंपात पाणी भरून चालू करून दाखवलं, दुसऱ्या दोरीत सुरू झालं, पाण्याची धार व्यवस्थित, कॉम्प्रेशनही सगळ्या सिलिंडरचं जवळपास सारखं. भाऊ तिथेच पाघळला. बोट मात्र माडाखाली झाप टाकून ठेवलेली, झाप काढले तर मागच्या बाजूला आत घोट्याएवढं पाणी आणि त्यात बेडकं. मशीन जिथे अडकवतात त्या मागच्या फळीला बोल्टची चार भोकं आहेत, मी सहज खालच्या भोकात बोट घातलं तर चहाचा चोथा असतो ना तसला ओला तपकिरी गाळ नखाला लागून बाहेर आला. वासही आला, बंद कपाटात ओली चप्पल राहिल्यासारखा. भोकाभोवती वॉशर आत रुतल्याच्या गोल खुणा आहेत आणि फळीच्या दोन्ही कोपऱ्यांना जेलकोटला (फायबरवरच्या गुळगुळीत थराला) बारीक तडे.

मालक म्हणतो एवढं चालतंच, वरून दोन थर मॅट (काचेच्या धाग्यांची चादर) रेझिनने मारू की झालं, २५-३० हजारांचं काम. माणूस वाईट नाही, आमच्या आत्याच्या सासरचा आहे आणि तीच तर पंचाईत आहे, भिडेपोटी भाव पाडता येत नाही आणि नाही म्हटलं तर गणपतीत समोर यायचाच.

प्रश्न असा की फक्त फळीच गेलीय की तळातल्या लाकडी पट्ट्याही, हे बोट न फोडता कसं कळेल? दुरुस्त करून घेण्यात अर्थ आहे का, आणि किती भाव खाली मागावा? वॉटर स्पोर्ट्स ३१ ऑगस्टपर्यंत बंद असतात, त्यानंतर भावाला लगेच धंदा सुरू करायचाय.

प्रतिसाद १
फायबरच्या शेडमध्ये बारा वर्षं काढलीत म्हणून लिहितो. फायबर कुजत नाही, आतला प्लाय कुजतो, आणि तो खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्याने जास्त, कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. तुमची बेडकं म्हणजे पुरावाच आहे, तळाचं पाणी सोडायचं बूच लावून पावसाळाभर ठेवलीय, नाळ (पुढचं टोक) वर, पाणी सगळं मागे. हे यंदाचंच नसणार.

वरून मॅट मारणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग मारणं. ओल्या लाकडाला रेझिन धरत नाही, ओल आत कोंडते आणि वर्षभरात पापुद्रा सुटतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फळीवर आणि तळात पट्ट्यांवरून ठोकत जा, टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तिथे खडूने खूण करा. मग आतल्या बाजूने खाली डावीकडे, उजवीकडे आणि फळीला येऊन मिळणाऱ्या पट्टीत अशी ४ एमएमची तीन भोकं पाडा, फक्त अर्ध्या जाडीपर्यंत, आरपार नको. भुसा फिकट आणि कोरडा आला तर बरं, काळपट ओला आला तर कूज तिथपर्यंत पोचलीय. भोकं नंतर एपॉक्सीने बुजतात. मालक पाडू देत नसेल तर तेच उत्तर समजा.

खरी दुरुस्ती म्हणजे आतलं फायबरचं कातडं कापायचं, कुजका प्लाय खरवडून काढायचा, कोरडं होऊ द्यायचं, नवा प्लाय दोन थर चिकटवून बसवायचा आणि कडेने तळावर, बाजूंवर मॅट आणि रोव्हिंग (काचेच्या धाग्यांचं जाड विणलेलं कापड) चढवायचं. प्लाय आयएस ७१० चा मरीनच घ्या, दुकानदार वॉटरप्रूफ म्हणून दुसराच गळ्यात मारतात. बोल्टची भोकं मोठी पाडून एपॉक्सीने भरायची आणि त्यातून परत भोक घ्यायचं, म्हणजे पाणी पुन्हा लाकडाला लागत नाही. हे जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत करू नका, १ सप्टेंबर विसरा.

प्रतिसाद २
दादानू, मशीनीसाठी होडी घेव नकात. मशीन उद्या दुसऱ्या होडयेर बसतला. फळी भर दर्यात सुटली तर मशीन, होडी नि माणसा सगळीच गेली.

प्रतिसाद ३
कागद बघितले का? बोट मच्छीमारीसाठी नोंदवलेली असेल तर पर्यटक बसवायला ते कागद चालत नाहीत, मेरीटाईम बोर्डाचा सर्व्हे आणि परवाना लागेल, आणि असली फळी सर्व्हेला घेऊन जाणार कसे? भावाची बाजू कळते, पण आठ माणसं लाइफ जॅकेट घालून बसणार आणि सत्तर किलोच्या आसपासचं मशीन त्या चोथ्यावर लटकणार. शिवाय तळात फोम भरलेला असेल तर तोही पाणी प्यायलेला असणार, मग बोट जड होते आणि पेट्रोल खाते.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. काल परत गेलो, ड्रिल नेलं होतं. मालक आधी कुरकुरला, मग आत्यानेच त्याला गप्प केलं. उजवीकडचा भुसा ठीकठाक आला, डावीकडून मात्र भुसा नाहीच, भोकातून पाणीच यायला लागलं, पाच मिनिटं थेंब थेंब, तपकिरी. पट्टीतलाही काळा निघाला. भाऊ काहीच बोलला नाही, बूच काढून पाणी सोडून दिलं आणि झाप नीट घालून आला.

नुसत्या मशीनचे १ लाख ३० देतो असं मी सांगितलंय. मालक म्हणतो बोट वेगळी कोण घेणार, बायकोला विचारून गणपतीनंतर सांगतो. तोपर्यंत कुणाला २० ते २२ फुटी नुसती बोट विकायची असेल, फळी कोरडी असलेली, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मशीन शॉर्ट शाफ्ट (आखूड दांड्याचं) आहे त्यामुळे मागची उंची १५ इंचाची हवी.