इसेन्शिअल ऑइल पहिल्यांदाच घेऊन राहिली, कोणतं घेऊ?

मनीषनगरवाली:
नमस्कार सगळ्यांना. नणंदेनं वाढदिवसाला डिफ्युझर (खोलीत सुगंध पसरवायचं यंत्र) दिला, आता त्यात टाकायचं तेल कोणतं आणू तेच समजून नाही राहिलं. ऑनलाइन बारा बाटल्यांचा सेट दिसतो ६०० रुपयांत, त्यात लॅव्हेंडर, संत्रा, गुलाब, चंदन, मोगरा, अगदी स्ट्रॉबेरी पण आहे. आणि दुसरीकडे लॅव्हेंडरची एकच १० एमएलची बाटली ६०० ची. एवढा फरक कशाचा? मला रात्री झोप शांत लागावी एवढंच मुख्य, जमलं तर आईच्या पायाला चोळायच्या तेलात पण टाकीन. आणि आमच्या हॉलच्या कूलरला कुबट वास येतो तर त्याच्या टाकीत चार थेंब टाकले तर चालतात का? घरी चार वर्षांचा मुलगा आहे. प्लीज सविस्तर सांगा, मला यातलं काहीच माहीत नाही.

साबणवाली_धंतोली:
ताई, तो सेट नको घेऊ. कारण त्या यादीतच आहे. इसेन्शिअल ऑइल म्हणजे झाडाच्या फुला-पाना-सालीतून काढलेलं सुगंधी तेल. स्ट्रॉबेरीचं ते नसतंच, त्या फळातून असं तेल निघतच नाही, म्हणजे ती बाटली केमिकल सुगंधाची. मोगऱ्याचं पण वाफेवर नीट निघत नाही, फूल नाजूक असतं, सॉल्व्हंटनं म्हणजे सुगंध विरघळवणाऱ्या रसायनानं काढतात आणि ते खूप महाग पडतं. गुलाबाचं तर एक किलो तेल काढायला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. संत्र्याचं तेल त्यामानानं स्वस्तच असतं कारण ज्यूसच्या कारखान्यात साली उरतातच, त्या दाबून काढतात. आता गुलाब, चंदन नं संत्रा तिन्ही एकाच भावात कोणी देत असेल तर विचार कर ना आत काय भरलं असेल. मी साबण करते त्यामुळे भाव रोज डोळ्यासमोर असतात, दुकानातली बाटली हातात घेतली की मी पहिले पाठीमागचं बारीक अक्षर वाचते. झाडाचं शास्त्रीय नाव पाहिजे, लॅव्हेंडर असेल तर लॅव्हेंडुला अँगस्टिफोलिया. लॅव्हेंडिन नावाचं त्याचं संकरित भावंड असतं, स्वस्त, त्याच्यात कापराचा वास जास्त मारतो, झोपेसाठी ते नको. झाडाचा कोणता भाग, कोणत्या देशातलं, बॅच नंबर, हे पण पाहा. नुसतं फ्रॅगरन्स ऑइल किंवा परफ्यूम ऑइल लिहिलं असेल तर खाली ठेवून दे. लॅव्हेंडर आता आपल्याकडे जम्मूतल्या भदरवाहला पण होतं, चांगलं असतं, विदेशीच पाहिजे असं काही नाही.

आणि बारा कशाला, दोन घे. एक लॅव्हेंडर, एक संत्रा. फक्त एक सांगते, बाटलीतलं ऑरेंज ऑइल बहुतेक वेळा सिट्रस सायनेन्सिस असतं, म्हणजे आपली मोसंबी ज्या जातीची ती. आपला नागपुरी संत्रा सिट्रस रेटिक्युलाटा, ते तेल मँडरिन नावानं मिळतं. आपण लहानपणापासून साल सोलताना बोटाला लागणारा जो वास ओळखतो तो हवा असेल तर मँडरिन शोध, नाहीतर बाटली उघडल्यावर वाटेल की हे तर आपलं नाहीच.

गांधीबागवाला:
कूलरच्या टाकीत टाकू नका ताई. तेल पाण्यात मिसळत नाही, वरच तरंगते, मंग ते पंपात नं ताट्यांत (कूलरच्या बाजूच्या गवताच्या पॅडांत) जाऊन बसते आणि चिकट होते. संत्र्याच्या तेलात लिमोनीन नावाचा घटक असते नव्वद टक्क्यांच्या वर, ते थर्माकोल विरघळवते, एक थेंब टाकून पाहा थर्माकोलच्या तुकड्यावर, खड्डा पडते. प्लास्टिकच्या कूलरमधे मी तरी नाही टाकणार. कुबट वासाचं कारण जुन्या ताट्या नं साचलेलं पाणी आहे. टाकी पूर्ण रिकामी करा, घासून एक दिवस कोरडी ठेवा, आठवड्याला पाणी बदला, डासांसाठी पण तेच पाहिजे. आणि वासच पाहिजे असेल तर वाळ्याच्या ताट्या लावा नाहीतर वाळ्याची जुडी पाण्याची धार पडते तिथं बांधून द्या, मे महिन्यात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. वाळ्याचं तेल पण मिळते, खसचं तेल म्हणून, ते घट्ट असते काकवीसारखं, थेंब पडायला वेळ घेते. पातळ पाण्यासारखं खस तेल कोणी दिलं तर घेऊ नका.

मोमिनपुऱ्यात अत्तराच्या दुकानात लोक इसेन्शिअल ऑइल समजून अत्तर घेऊन येतात. अत्तर वेगळं. उत्तर प्रदेशातल्या कनौजला देग-भपक्यात (उकळायचं नं वाफ गोळा करायचं भांडं) फुलं उकळून वाफ चंदन तेलात उतरवतात, ते खरं जुन्या पद्धतीचं. आता चंदन परवडत नाही तर बेस दुसरा असते. ते अंगाला लावायचं, डिफ्युझरमधे नाही टाकायचं. घरी पाहायचं असेल तर पांढऱ्या कागदावर एक थेंब ठेवा. लॅव्हेंडर, संत्रा काही तासांत उडून जाते, मागं तेलकट डाग राहिला तर गोडं तेल मिसळलेलं आहे. खस नं चंदनाला मात्र हा कागद लागू नाही, ते हळू उडतात.

फार्मसीवाली_ताई:
घरात चार वर्षांचं लेकरू आहे म्हणून मला आधी हे लिहायचं आहे. नीलगिरी, कापूर आणि पुदिन्याचं तेल त्याच्या नाकाजवळ, छातीवर, रुमालावर लावू नका, कितीही सर्दी असली तरी. आपल्याकडे आजी लोक सवयीनं नीलगिरीचे थेंब रुमालावर देतात, पण ही तेलं जहाल असतात आणि नीलगिरीचं चहाचा चमचाभर तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर फिट येऊ शकते, शुद्ध हरपू शकते. कापराचं पण तसंच. असं काही झालं तर उलटी करवायची नाही, बाटली सोबत घेऊन तडक दवाखान्यात. बाटली उंच, कुलुपात. ड्रॉपरचं झाकण घट्ट असलेलीच घ्या, उघड्या तोंडाची नको.

आईच्या पायासाठी सरळ बाटलीतून चोळायचं नाही. ३० एमएल खोबरेल किंवा तिळाच्या तेलात लॅव्हेंडरचे ६ थेंब, म्हणजे साधारण एक टक्का, म्हाताऱ्या त्वचेला तेवढं पुरतं. कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा, लाल नाही झालं, खाज नाही सुटली तर मग पायाला. लवंग तेल तर अजून कमी लागतं, ते नवीन माणसानं हातात न घेतलेलंच बरं. लिंबू नं बर्गमोटचं (लिंबाच्याच जातीचं एक फळ) दाबून काढलेलं तेल लावून उन्हात जाऊ नका, त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग राहतात, आपल्या उन्हात तर विचारूच नका.

डिफ्युझरमधे तीन-चार थेंब खूप झाले. अर्धा तास लावा, मग बंद, दार थोडं उघडं. रात्रभर चालू ठेवून झोपायचं नाही. पोराच्या खोलीत तर लावूच नका, हॉलमधे लावा.

मनीषनगरवाली:
सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कोणी समजावून सांगत नाही. सेट कॅन्सल. लॅव्हेंडर आणि मँडरिन घेते, कूलरला वाळा. अजून एक, घरी मांजर आहे, तिला काही होतं का? आणि बाटल्या ठेवायच्या कुठं, आमच्या घरी दुपारी किचनमधे उभं राहवत नाही इतकं गरम होतं.

साबणवाली_धंतोली:
मांजर असेल तर टी ट्री नावाच्या झाडाचं तेल अजिबात घरात आणू नको. मांजराचं लिव्हर ही तेलं आपल्यासारखी पचवत नाही आणि ती अंग चाटते, मग सगळं पोटात जातं. डिफ्युझर लावला की तिला खोलीबाहेर जायला वाट ठेव, जास्त लाळ गाळली किंवा सुस्त झाली तर बंद कर नं डॉक्टरला दाखव.

बाटल्या किचनमधे नकोच. संत्र्याच्या तेलाची वाफ ४८ अंशांच्या आसपास पेट घेऊ शकते, त्यामुळे गॅसजवळ नाही, देवघरात दिव्याजवळ नाही, मे महिन्यात कारमधे तर नाहीच. कुलूप लागणाऱ्या स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजमधे मागच्या बाजूला वरच्या कप्प्यात ठेव, दारात ठेवलं तर पोराच्या हाती लागतं. उघडलेली तारीख झाकणावर लिही. लॅव्हेंडर दोनेक वर्षं टिकतं, मँडरिन मात्र वर्षाच्या आत संपव, जुनं झालं की हवेनं बिघडतं आणि मग त्वचेला खाज येते, ते अंगाला लावायचं नाही. म्हणून मँडरिनची १० एमएलचीच घे, ३० एमएल स्वस्त पडते म्हणून कितीही आग्रह झाला तरी नको.