वाट्याची भाजी: शिवरात्र ते आखाजी, तुमच्या पिशवीत काय काय आलं?

गंगापूररोडवाली
मंडळी, धागा काढायचं कारण म्हणजे काल रात्री साडेदहाला मी ओट्यासमोर उभी राहून अडीच किलो मटार आणि हरभऱ्याच्या डहाळ्यांची एक पेंढी यांच्याकडे नुसती बघत होते आणि नवरा म्हणाला, हे सगळं आपण मागवलंय? मागवलं नाहीये हीच तर गंमत आहे. गिरणाऱ्याच्या अलीकडे एका दादांची द्राक्षबाग आहे, तिच्या कडेला पंधराएक गुंठ्यांत ते भाजी करतात. आम्ही बावीस घरं शिवरात्रीच्या तीनेक आठवडे आधी ३६०० रुपये एकदम देतो, मग आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, बारा शनिवार पिशवी येते. काय द्यायचं ते दादा आणि वहिनी ठरवतात, आपण फक्त पिशवी उघडायची.

आता नाशिकमध्ये भाजीला काय तोटा आहे, मुंबईची परसबाग म्हणतात आपल्याला. पण विकत घेताना मी वर्षानुवर्षं त्याच सात भाज्या उचलत होते हे मला पिशवी सुरू झाल्यावर कळलं. पहिल्या वर्षी चाकवताच्या चार जुड्या आल्या तेव्हा मी आईला फोन करून तक्रार केली, तर ती एवढी हसली की मला राग आला. मग तिनेच सांगितलं, हरभरा डाळ आणि शेंगदाणे भिजवून भाजीसोबत शिजव, रवीने घोट, आंबट ताकात बेसन कालवून घाल, वरून लसणाची फोडणी सढळ हाताने. तेव्हापासून चाकवत आला की त्या दिवशी पोळ्या नाहीत, भाकरीच.

ज्यांनी असा वाटा घेतलाय, घेऊन सोडलाय, किंवा स्वतः पिकवून देताय, सगळ्यांनी लिहा. वाईट अनुभव पण लिहा. फक्त विषमुक्त म्हणजे नेमकं काय हा वाद इथे नको, तो कधी संपत नाही.

सेकंड शिफ्ट
सातपूरला एमआयडीसीत आहे, आम्ही तिघं रूमवर राहतो आणि अर्धा वाटा घेतो. आमचा अनुभव डिंगऱ्यांचा. पिशवीत हिरव्या फुगीर शेंगा आल्या, टोकाला निमुळत्या, आम्हाला वाटलं घेवडा खराब झालाय म्हणून अर्ध्या टाकून दिल्या!! दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो टाकला तर शेतावरच्या वहिनींचा व्हॉइस मेसेज, अहो त्या मुळ्याच्या शेंगा आहेत, मुळा काढायचा राहिला की फुलावर येतो आणि मग या धरतात, थोडेच दिवस मिळतात. कच्ची खाल्ली तर नाकात झिणझिण्या, मोहरी चावल्यासारखं. मोहरी आणि मुळा एकाच कुळातले म्हणे, चावल्यावर पटतं. बारीक चिरून ओव्याची फोडणी, कांदा, हिरवी मिरची, शेवटी दाण्याचं कूट, झाकण ठेवून फक्त वाफेवर. रात्री बारा वाजता शिफ्टवरून येऊन ती गार भाजी आणि ब्रेड खाल्लाय मी, चांगली लागते. टाकून दिलेल्यांचं वाईट वाटतं अजून.

पंचवटीतली आजी (नातू टाइप करतोय)
आजी सांगतेय तसं लिहितो. तिचं म्हणणं, तुम्ही पोरं पैसे आधी देता याचं कौतुक कशाला, आमच्या वेळी बलुतं काय वेगळं होतं, तिथं धान्य होतं इथं पैसे. (मी म्हटलं वेगळं होतं आजी, तिने ऐकलं नाही.)

तिला पिशवीतले डहाळे बघून तिचं माहेर आठवतं, निफाडकडचं. हरभरा लहान असताना शेंडे खुडायचे, त्याने फांद्या जास्त फुटतात आणि भाजी पण मिळते. ती पानं सुकवून डब्यात भरायची, उन्हाळ्यात भाजीची बोंब असली की तीच. थंडीत तिन्हीसांजेला हरभऱ्यावर धुतलेलं पांढरं धडपं पसरून ठेवायचे, रात्रभर दवात भिजायचं, पहाटे पिळलं की आंब, म्हणजे आंबट पाणी, निघायची. बाटलीत भरून ठेवायची, पोट दुखलं की चमचाभर पाण्यात. हरभऱ्याच्या शेतातून अनवाणी गेलं की पाय चुरचुरायचे आणि बोटं चाटली की आंबट. आणि होळीच्या आसपास घाटे भरले की बांधावर काटक्या पेटवून डहाळेच्या डहाळे भाजायचे, कोणी हावळा म्हणतं कोणी हुळा, तोंड काळं करून घरी यायचो आणि मार खायचो.

गेल्या शनिवारी आम्ही गच्चीवर पत्र्यावर भाजले. शेजारच्यांनी धूर कसला म्हणून वर येऊन बघितलं आणि मग तेही बसले. आजीला दात नाहीत, तिला खलबत्त्यात ठेचून दिले मीठ मिरची घालून.

हिशेबी माणूस
मी सोडला वाटा, स्पष्ट लिहितो. दोघं नोकरीला, मुलगी दहावीला. आठवड्याला ३०० रुपये आणि त्यात पालेभाजीच पालेभाजी, निवडायला वेळ कोणाला आहे. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात गेलं की तेवढ्याच भाज्या मला दीड-दोनशेत मिळतात आणि हव्या त्या मिळतात. आमच्या फ्रीजमध्ये मेथी पिवळी पडून फेकली जायची आणि फेकताना आधी पैसे भरलेत ही टोचणी वेगळीच. भाजी वाईट होती असं अजिबात नाही, भाजी फार चांगली होती, आम्ही तिच्या लायकीचे नव्हतो असं समजा.

गंगापूररोडवाली
@हिशेबी, लायकीचं काय त्यात, प्रामाणिकपणे लिहिलंत ते बरं झालं. मी पण पहिल्या वर्षी बरंच फेकलंय. आता शनिवारची रात्र निवडण्यात जाते, सगळी मेथी निवडून कोरड्या फडक्यात, कोथिंबीर कागदात, आणि बिटाची पानं लगेच कापून वेगळी करायची नाहीतर ती खालच्या बिटाचं पाणी ओढून त्याला मऊ करतात. ती पानं पालकासारखीच लागतात, पीठ पेरून करा. मटार मात्र ठेवू नका. तोडल्यापासून त्यातली साखर कमी होत जाते, पिठूळ लागायला लागतो, त्यामुळे शनिवारी रात्रीच उसळ आणि उरलेला दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, मग गार पाण्यात, मग फ्रीजर.

मळेवाला, दिंडोरी तालुका
मी पिशवी देणाऱ्यातला आहे, घेणाऱ्यातला नाही. चालत असेल तर लिहितो.

आमची द्राक्षं मेन, भाजी आधी लिलावाला न्यायचो. मेथी कोथिंबिरीचा भाव शंभर जुड्यांवर निघतो हे माहीत असेल तुम्हाला, एका वर्षी आमची मेथी साडेतीनशे रुपये शेकड्याने गेली म्हणजे जुडी साडेतीन रुपये. काढायची मजुरी, बांधायची, गाडीभाडं सगळं जाऊन घरून पैसे घातले. त्या रात्री आमची मंडळी म्हणाली की तेवढ्यापेक्षा नातेवाइकांना वाटली असती तर नाव तरी झालं असतं. तिथनं हे डोक्यात आलं. आता दहा गुंठे, अठरा घरं.

लोकांना वाटतं पालेभाजी सारखी का येते. त्याचं कसं आहे, मेथी महिनाभरात काढायला येते म्हणून दर नऊ-दहा दिवसांनी एक वाफा टाकत राहावं लागतं, नाहीतर एकदम सगळी येईल आणि मग काहीच नाही. थंडी आहे तोवर ती वाफ्यात थोडी थांबते. फाल्गुनात ऊन तापलं की थांबत नाही, बघता बघता फुलावर येते, कोथिंबीर तर त्याहून घाईची. मावा कीड पण ह्याच टायमाला पडते. म्हणून होळीच्या आधी शेवटचा वाफा. दोडकी, गिलकी, काकडी, गवार आम्ही जानेवारीच्या शेवटी फेब्रुवारीच्या सुरुवातीला लावतो, ते पाडव्याच्या पुढं-मागं चालू होतं. मधले पंधरा दिवस जे राहतात ना ते आमच्या जिवाला घोर. पाला संपलेला, वेल अजून नुसते चढतायत, पिशवीत घालायचं काय? बीट, गाजर, कोबीचे शेवटचे गड्डे, साठवलेलं डांगर, म्हणजे लाल भोपळा, आणि बांधावरचा शेवगा. आणि नेमकी तेव्हाच द्राक्षाची काढणी, मजूर सगळे तिकडं, मोटरीची लाईट रात्रीची, मग पहाटे चारला पाणी भरून सहाला आम्ही नवराबायकोच भाजी तोडतो. त्या पंधरा दिवसांत कोणी ग्रुपवर लिहिलं की यावेळी पिशवी हलकी वाटतेय, तर खरं सांगतो, फोन बाजूला ठेवून देतो.

पण एक ताई आहेत त्या लिहितात, डांगराचे घारगे केले, फोटो टाकतात. त्यांच्या पिशवीत एक शेंग जास्त जाते, लपवत नाही.

पाथर्डी फाटा
मळेवाले दादा, तुमचे हे पंधरा दिवस मी एकदा बघितलेत. आमच्या वाट्याचं दुसरं वर्ष, मार्चमध्ये दुपारी तीनच्या सुमाराला अंधारून आलं आणि वीसेक मिनिटं गारा. मी ऑफिसच्या खिडकीतून व्हिडिओ काढत होते, छान वाटत होतं म्हणजे बघा. संध्याकाळी ग्रुपवर शेतातले फोटो आले, पालकाची चाळणी, कोबीला भोकं, टोमॅटो जमिनीवर, आणि मागे द्राक्षाचे घड फुटलेले. खाली फक्त एवढंच, या शनिवारी काय देता येईल बघतो.

शनिवारी आलं बीट, गाजर, मुळा आणि कांदा. जमिनीच्या खाली होतं ते वाचलं. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. दोन घरांनी पैसे परत मागितले, त्यांना दिले पण, आणि बाकी आम्ही तीन आठवडे बीट खाल्लं. कोशिंबीर, पराठे, कटलेट, हलवा, सांबारात, मुलगा म्हणाला मम्मा माझं रक्त पण आता बिटाचं झालं असेल. आधी पैसे भरण्याचा अर्थ काय असतो तो मला त्या बिटाने शिकवला. मी काही फार मोठं केलं नाही, ते पैसे तसेही गेलेले होते माझ्या हिशेबात. पण त्यांची बाग गेली त्या वर्षी, त्याचं कोणी आगाऊ दिलं नव्हतं.

कढीपत्ता
एवढं गंभीर वाचून माझं लिहायला लाज वाटतेय 😄 आमच्या सोसायटीत सहा वाटे आहेत आणि भांडण फक्त शेवग्यावरून होतं. पिशव्या वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवतात, कोणीतरी शेंगा मोजून बदलतं. कोण ते सगळ्यांना माहितीये. मागच्या वर्षी शेवग्याची फुलं पण आली होती वाटीभर, पाण्यात दोनदा धुवून, पिळून, कांद्यावर परतून भिजवलेली मूगडाळ घालून केली, किंचित कडसर. ती मात्र कोणी चोरली नाही कारण कोणाला ओळखता आली नाहीत.

मूळची भद्रकालीची, सध्या बॉस्टनजवळ
गंमत म्हणजे ही पद्धत अमेरिकेत सुरू झाली ती आमच्याच राज्यात, मॅसॅच्युसेट्समध्ये, आणि शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये, १९८६ साली. जपानमध्ये त्याआधीपासून होतीच, तिथे तेकेई म्हणतात. आमच्याकडे मार्चमध्ये अजून बर्फ असतो, पैसे हिवाळ्यात भरायचे आणि पहिली पेटी जूनमध्ये. त्यात सगळा पालाच, सॅलडची पानं, पालक, छोटे लाल मुळे, आणि लसणाचे कोवळे वळलेले दांडे. इथले लोक त्याचा पेस्टो करतात. मी तव्यावर हिरवी मिरची, शेंगदाणे आणि ते दांडे भाजून ठेचा केला, बरोबर ज्वारीची भाकरी. डोळ्यात पाणी आलं, मिरचीचं. तुम्ही पात कांदा आणि ओल्या लसणाला नावं ठेवता तेव्हा माझी आठवण काढा.

पंचवटीतली आजी (नातू)
आजी म्हणते बॉस्टनवालीला सांग, आलीस की घरी ये, झुणका करते पातीचा.

नवीन_सून
लग्न होऊन मी पुण्याहून इकडे आले, सासरी वाटा आधीपासून. मला गिलकी माहीत नव्हती, म्हणजे घोसाळी माहीत होती, शब्दावरून दहा मिनिटं मी आणि सासूबाई वेगवेगळ्या भाज्यांबद्दल बोलत होतो. मला सगळ्यात आवडतो पाडव्याच्या आधीचा शनिवार. पिशवीत वरच कडुनिंबाची फुलं असतात, कोवळ्या पानांसकट, त्यांच्या बांधावरची. सासूबाई त्यात भिजवलेली हरभरा डाळ, गूळ, ओवा, हिंग, मीठ घालून वाटतात. आणि खाली पहिल्या चार कैऱ्या. चारच. त्यातली एक चिरतानाच संपते, दोनची डाळ, एकीचं पन्हं, आणि त्यावरून मी आणि नणंद दरवर्षी भांडतो. बाजारात कैऱ्या आठ दिवस आधीच आलेल्या असतात, पण आमच्या घरात त्या मोजल्या जात नाहीत.

सेकंड शिफ्ट
ग्रुपवर आत्ता मेसेज आलाय, या शनिवारी बीट, गाजर, डांगर, शेवगा, आणि चाकवत शेवटचा. म्हणजे पंधरा दिवस सुरू झाले वाटतं. कोणाला डांगर बदलून चाकवत द्यायचा असेल तर सांगा, आमच्याकडे डांगर कापेल अशी सुरी नाही.

गंगापूररोडवाली
चाकवत मिळणार नाही. सुरी देते.