गळ्यातली जाळी की गाळणी?

अनुवादिका:
इजिप्तमधल्या फुस्तातला (जुनं कैरो) सापडलेल्या पाण्याच्या भांड्यांवरचा लेख मराठीत आणतेय. तिथला फातिमी खलिफांचा काळ, म्हणजे ९६९ ते ११७१. झिलई न दिलेली, रोजच्या वापराची भांडी. पण गळ्याच्या आत मातीचीच एक चकती, तिला बारीक भोकं पाडून मोर, हत्ती, कधी अक्षरं काढलेली. तोंडाशी डोळा नेला तरच दिसते. मी 'सुरईची गाळणी' लिहिलं. संपादक म्हणतात, गाळणी चहाची. भांड्याचं अरबी नाव 'कुल्ला' तसंच ठेवावं, तर पुढचं सांगायला नको.

मृद्गंध:
'कुल्ल्यातली जाळी'! ठेवाच, लेख गाजेल 😀
गमतीचं सोडा, पण जाळीच म्हणा. त्या भोकांनी गाळ कुठला अडतोय? किडामुंगी अडते, आणि पाणी बदाबदा अंगावर येत नाही.

वाळा:
अरबीत त्या चकतीला 'शुब्बाक' म्हणतात, म्हणजे खिडकी. मग झरोका का नको? काहींवर 'मन सबर कदर' कोरलेलं असतं: धीर धरील त्याला साधेल. घोट घोट पिणाऱ्याला बरोबर सुनावलंय.

खापर:
मुळात सुरईलाच आक्षेप. फारसी 'सुराही', ती दारूची. आपला कुंभ काय वाईट?

अनुवादिका:
कुंभाला इतका चिंचोळा गळा कुठे असतो? आजोळी सोलापूरला खुजा होता, उन्हाळ्यात ओलं फडकं गुंडाळलेला. तो चालेल?

मृद्गंध:
खुजा म्हणजे फारसी 'कूझा'. ठेंगण्या माणसाला खुजा म्हणतात तेही या भांड्यावरूनच.

खापर:
काहीही! तो खुजा 'कुब्ज'वरून. भांड्याशी संबंध नाही.

वाळा:
खापरसाहेब, तुमच्या ऑफिसात २० लिटरचं काय येतं? जार. अरबी 'जर्रा', युरोप फिरून इंग्रजीतून आपल्या दारात. तिथे कुंभ मागवता का?

खापर:
मी घरून तांब्या नेतो.

मृद्गंध:
बरं, कैरोत मोठे रांजण ठेवायला संगमरवरी बैठक असे, 'किल्गा'. पाझरलेलं पाणी पुढच्या कुंडीत जमायचं. त्या बैठकीला घडवंची म्हणावं?

वाळा:
घडवंची लाकडाची. आमच्याकडे तिवई.

खापर:
तिवईला पाय तीन. किल्ग्याला चार.

अनुवादिका:
लेख उद्या सकाळी द्यायचाय. जाळी की गाळणी?

मृद्गंध:
सांगतो. आधी मला कोणी सांगा, रांजण हा शब्द संस्कृत 'अलिंजर'वरून आला हे कितपत खरं?