मदत हवी आहे: मामांच्या रेकॉर्डी, नावांची स्पेलिंगं आणि अधेमधे घातलेले इंद्रजाल कॉमिक्स

भैरवी_मिरज

नमस्कार मंडळी,

माझे मामा मिरजेला असत. त्यांच्या पश्चात मामींनी त्यांचा रेकॉर्डींचा सगळा साठा माझ्या हवाली केला. शंभरावर लाखेच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डी), साधारण तेवढ्याच एलपी (मोठ्या, जास्त वेळ चालणाऱ्या) आणि खोकंभर ईपी (लहान, मोजक्या गाण्यांच्या). सोबत हिशेबाची एक लांबट वही आहे. तिच्यात बहुतेक रेकॉर्डींची नोंद मामांच्या अक्षरात आहे. कुणी गायलंय, राग कोणता, कुठल्या बाजारात मिळाली, आणि शेवटच्या रकान्यात दोन शब्द: 'सकाळी लावणे', 'दुसरी बाजू आधी', 'तानपुरा नीट ऐकू येतो'.

मिरजेचे असल्यामुळे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ सगळ्यात वर, हे सांगायला नकोच. दरवर्षी दर्ग्यातल्या उरुसाच्या गाण्याला मामा रात्रभर बसायचे. त्यांच्यानंतर सुरेशबाबू, हिराबाई, सरस्वतीबाई राणे, रोशनआरा बेगम. मग केसरबाई, मोगूबाई आणि एलपींत किशोरीताई.

मला या सगळ्याची नीट यादी करायची आहे, म्हणजे उद्या हा साठा एखाद्या संस्थेला किंवा खरोखर ऐकणाऱ्या माणसाला देता येईल. अडचण स्पेलिंगांपाशी येते. लेबलांवर नावं रोमनमध्ये, वहीत मराठीत, आणि दोन्हींचा मेळ बसत नाही. हिराबाई बडोदेकरांचं रोमनमध्ये 'बरोडेकर' होतं. केसरबाई कुठे एका शब्दात, कुठे 'केसर' वेगळं आणि 'बाई' वेगळं. रागांची तीच गत. मामांनी 'मालकंस' लिहिलंय, एलपीच्या मलपृष्ठावर 'मालकौंस'. वहीत 'जीवनपुरी', कव्हरवर 'जौनपुरी'. झिंझोटी तर मामांनीच दोन तऱ्हांनी लिहिला आहे. शिवाय वहीची पहिली पानं जुन्या वळणाची: 'नाहीं', 'कांहीं', 'गाणें'. यादीत नक्की काय लिहू? सगळं आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे करू की जसंच्या तसं ठेवू?

दुसरं, कॉमिक्स. बऱ्याच ७८ना पाकिटं उरलेली नाहीत. मामांनी त्यांच्या मधे आधाराला मराठी इंद्रजाल कॉमिक्स घातलेत. वेताळ आणि मॅण्ड्रेक, दोन्ही. तेही त्यांचेच, हौसेनं जमवलेले. काही अंक छान आहेत. काहींना कसर लागली आहे. एका अंकाचं मुखपृष्ठ रेकॉर्डीला चिकटून बसलंय आणि ती रेकॉर्ड नेमकी खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी आहे, 'पिया बिन'. ओढायची हिंमत होत नाही.

तिसरं, शहरातल्या एका दुकानात मी काही ७८ डिजिटल करायला दिल्या होत्या. ज्या फायली आल्या त्यांत खरखरीखाली गाणं दबून गेलंय. रेकॉर्डीच इतक्या झिजल्या आहेत की काम चुकलंय?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

---

चावीचा_फोनो

भैरवीताई, तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण त्यात रेकॉर्डींचं नुकसान होऊ शकतं.

दुकानदाराला एवढंच विचारा की सुई कोणती लावली होती. एलपीची खाच बारीक असते, तिला साधारण १८ मायक्रॉनच्या टोकाची सुई लागते. ७८ची खाच बरीच रुंद, तिला सुमारे ७५ मायक्रॉनची. एलपीची सुई ७८वर ठेवली की ती खाचेच्या भिंतींना धरून चालत नाही, तळाशी जाऊन बसते. आणि वर्षानुवर्षांची धूळ तळाशीच असते. तुम्ही ऐकताय ती खरखर बहुतेक तीच. ७८ची वेगळी सुई बऱ्याच कार्ट्रिजना (सुई बसते तो भाग) मिळते. ती बसवून एकच बाजू पुन्हा वाजवून बघा, लगेच कळेल.

घरात चावीचा ग्रामोफोन असेल तर त्यावर एलपी चुकूनही लावू नका. त्याचा हात जड असतो, एका फेरीत खाच सोलून निघते. ७८ लावायच्या असतील तर पोलादी पिन प्रत्येक बाजूला नवी घ्या.

धुण्याबद्दल: लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एलपी पुसायचे बाजारी द्रव बघून घ्या, त्यांत अल्कोहोल असेल तर ७८ला लावायचे नाहीत. शुद्ध केलेलं पाणी, त्यात सौम्य साबणाचा थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेनं गोल फिरवायचा. लेबल कोरडं राहिलं पाहिजे. भिजत ठेवायचं नाही, लगेच टिपून उभं करून वाळवायचं. उन्हात नाही.

आणि तुमच्या डेकवर ७८ची गती नसेल तरी अडत नाही. ४५वर वाजवून रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या संगणकावरच्या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये गती १.७३ पट करा. मूळ फाइल, खरखरीसकट, वेगळी जपून ठेवा. खरखर काढायचे प्रयोग प्रतीवर करायचे. लोक पहिल्याच फटक्यात इतकं पुसतात की आवाजातली हवा निघून जाते, तानपुरा तर गायबच होतो. तुमच्या मामांनी तानपुऱ्याची नोंद केली आहे, त्यांच्यासाठी तरी तो वाचवा.

---

गोंयचो_रसिक

केसरबाईंच्या नावावरून. बाई आमच्या केरी गावच्या, म्हणून केरकर. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली, तिच्यात बाईंची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटांची, म्हणजे ७८ची एक बाजू. नासाच्या यादीत त्यांचं नाव 'सुरश्री केसर बाई केरकर' असं आहे, 'केसर' आणि 'बाई' मधे जागा सोडून. आता ती यादी कोणी बदलणार नाही आणि बदलूही नये. पण तुमच्या यादीत ती जागा आहे की नाही यावर शोधणाऱ्याला बाई सापडतील की नाही हे ठरतं. म्हणून दोन्ही रूपं नोंदवा.

मराठीत मात्र 'सूरश्री' लिहा, पहिला ऊ दीर्घ.

---

मुद्रितशोधक_काकू

भैरवी, आधी तुझं कौतुक. वही टाकली नाहीस हे फार चांगलं केलंस.

मी छापखान्यांच्या मुद्रितांवर आयुष्य काढलंय, म्हणून ठामपणे सांगते. यादीत दोन रकाने कर. पहिल्यात लेबलावर जे छापलंय ते अक्षर न् अक्षर तसंच. चुकीचं असलं तरी. 'मिस', 'मास्टर', 'प्रोफेसर' या उपाध्याही गाळायच्या नाहीत. एकच गाणं पुढं वेगळ्या लेबलावर पुन्हा निघालं की उपाधी बदलते, स्पेलिंग बदलतं, आणि त्यावरूनच संग्राहक आवृत्ती ओळखतात. तू ते 'शुद्ध' केलंस की तो पुरावा गेला. दुसऱ्या रकान्यात आजचं प्रमाण रूप, सगळीकडे एकच. शोध त्याच्यावर घ्यायचा. डिस्कॉग्ससारख्या रेकॉर्डींच्या याद्या ठेवणाऱ्या संकेतस्थळांवरही हीच रीत आहे, छापलेलं नाव वेगळं आणि ते ज्या कलाकाराशी जोडलंय ते मुख्य नाव वेगळं.

प्रमाण रूपासाठी मराठी नियम लाव, हिंदी नव्हे. हिंदीत हीरा, मराठीत हिरा, म्हणून हिराबाई. मालकंस लिही, मामांचं बरोबर आहे. किशोरीताई आमोणकरांचा 'आ' दीर्घ, तो लोक सर्रास आखूड करतात. झिंझोटीला झ दोन्हीकडे. 'खाँसाहेब' चंद्रबिंदूनं लिहिलंस ते चालेल.

वहीतले 'नाहीं', 'कांहीं' उतरवताना अनुस्वार ठेव. १९६२च्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्याआधी शाळा शिकलेला माणूस असंच लिहायचा. मामांच्या वहीत कुठल्या पानापासून अनुस्वार नाहीसे होतात ते बघ. नोंदींवर तारखा नसतील तर पानांचा काळ लावायला त्याचा उपयोग होईल. नेमकं साल नाही मिळणार, सवयी हळूहळू सुटतात. पण आधीचं आणि नंतरचं तरी कळेल.

---

चावीचा_फोनो

काकू, +१. एक भर. ७८वर दोन प्रकारचे क्रमांक असतात. कॅटलॉग क्रमांक दोन्ही बाजूंना सहसा तोच. मॅट्रिक्स क्रमांक प्रत्येक बाजूचा वेगळा, तो लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला असतो, कधी लेबलावरही. तिरपा उजेड टाकला की दिसतो. एकच ध्वनिमुद्रण ओडियनच्या लेबलावरून कोलंबियाच्या लेबलावर गेलं तर कॅटलॉग क्रमांक बदलतो, पण मॅट्रिक्सवरून मूळ मुद्रण पकडता येतं. खाँसाहेबांच्या बाबतीत हे फार उपयोगी पडेल.

आणि अगदी जुन्या रेकॉर्डी असतील तर शेवटपर्यंत ऐका. त्या काळी गाणं संपल्यावर कलावंत स्वतःचं नाव पुकारायचे. गौहर जान इंग्रजीत सांगायची. मेणावर केलेली मूळ मुद्रणं तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायची, तिथल्या लोकांना मेण कुणाचं ते कळावं म्हणून ही पद्धत पडली असं सांगतात. नावाचा उच्चार खुद्द गाणाऱ्याच्या तोंडून मिळतो, याहून मोठा आधार नाही.

---

डेंकालीचा_रहिवासी

वेताळाचं नाव वाचून आलो! ताई, ते अंक कृपा करून पुठ्ठ्याच्या भावात काढू नका. इंद्रजाल १९६४च्या मार्चमध्ये सुरू झालं आणि १९९०ला बंद पडलं. मराठी अंक इंग्रजीपेक्षा कमी दिसतात, साठच्या दशकातले तर फारच.

काकूंचा दोन रकान्यांचा नियम इथेही लागू आहे. इंद्रजालवाल्यांनी मूळ कथांतली नावं बदलली होती. वेताळाचा देश मूळ कथेत बंगाला, आपल्याकडे तो डेंकाली झाला. समुद्री चाच्यांच्या टोळीचं नाव सिंग होतं त्याचं सिंगा केलं. माझ्या पिढीला डेंकालीच खरं. यादीत अंकावर छापलंय तेच घाला, अंकाचा क्रमांक आणि तारीख आतल्या पानावर मिळेल. १९७६ नंतरचे असतील तर 'बहादूर' बघा, आबिद सुरतींचा. चंबळच्या डाकूंविरुद्ध उभा राहणारा आपल्या मातीतला नायक.

जपणूक: पिनांना गंज असेल तर पातळ पातं घालून हळूच उघडून काढा, मग दोऱ्यानं शिवा. चिकटपट्टी कुठेही नाही, ती पिवळी पडून कागद खाते. कसर लागलेले आधी वेगळे करा. आणि रेकॉर्डींच्या मधून सगळेच अंक काढा. हा कागद आम्लधर्मी असतो, तो ना स्वतः टिकतो ना शेजाऱ्याला टिकू देतो. पण काढण्याआधी प्रत्येक रेकॉर्ड आणि तिच्याजवळचा अंक यांचा एकत्र फोटो घ्या. कोणत्या रेकॉर्डीशेजारी कोणता अंक होता हेही मामांनीच ठरवलेलं आहे.

---

भैरवी_मिरज

मंडळी, मनापासून आभार. दुकानात विचारलं, सुई एलपीचीच होती. एका ओळखीच्यांकडे ७८ची सुई मिळाली आणि सुरेशबाबूंची एक बाजू पुन्हा वाजवली. गाणं समोर आलं! खरखर आहे, पण मागे आहे.

डेंकालीवाले दादा, फोटो घ्यायला लागले आहे. चिकटलेल्या मुखपृष्ठाचं मात्र कुणी सांगितलं नाही. वेताळ घोड्यावर बसलेला आहे, चित्राचा वरचा अर्धा भाग खाचांवर आणि थोडा लेबलावर चिकटलाय.

अजून एक. हे डिजिटल करून सगळ्यांना ऐकायला आंतरजालावर ठेवता येईल का?

---

मुद्रितशोधक_काकू

ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. त्यामुळे ७८चा बराच भाग त्यातून मोकळा झाला असेल. पण शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. पारंपरिक बंदिशींना ही अडचण येत नाही. भावगीतांच्या ईपींना येईल. गदिमा १९७७ला गेले, तेव्हा हिशेब तूच कर. ईपी सध्या घरीच ऐक.

साठा द्यायचा झाला तर आधी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या लोकांशी बोल. मुंबईची संस्था, १९९०पासून याच कामात. त्यांच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकात याद्या कशा केल्या आहेत ते बघितलंस तर तुझी यादीही त्या वळणावर जाईल.

---

चावीचा_फोनो

चिकटलेल्या मुखपृष्ठाबद्दल. वाफ नाही, इस्त्री नाही, केसांचं ड्रायर नाही. उष्णतेनं लाख वाकते. रेकॉर्ड आणि अंक दोन्ही पूर्ण वाचणं अवघड आहे, तेव्हा आधी ठरवा कुणाला झुकतं माप द्यायचं. माझं मत रेकॉर्डीला. तरी आधी चित्राचा चांगला फोटो काढून घ्या.

आधी अंकाची बाकीची पानं मोकळी करा, फक्त चिकटलेला कागद राहू दे. मग त्याच्या मागच्या बाजूनं ओल्या कापसाच्या बोळ्यानं बोटाएवढाच भाग दमट करा, थांबा, कागद मऊ झाला की खाचेच्या दिशेनं गोल सोलत जा. नख किंवा पातं लावायचं नाही. कागदाचा तंतू खाचेत राहिला तर राहू दे, नंतर मऊ ब्रशनं निघतो. लेबलावरचा भाग शेवटी, आणि तो निघत नसेल तर तसाच सोडा. ओलं लेबल कागदाबरोबर उचलून आलं तर छापलेलं नाव जाईल.

म्हणून पाणी लावण्याआधी लेबलाचा जेवढा भाग उघडा आहे तो आत्ताच यादीत उतरवून घ्या, आणि दोन्ही बाजूंचे मॅट्रिक्स क्रमांकही. इथे टाका, मी माझ्याकडच्या प्रतीशी ताडून सांगतो ती ओडियनची आहे की नंतरची कोलंबिया.