पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले म्हणतात, शोध कुठून सुरू करू?

कृष्णाकाठचा
नमस्कार मंडळी. आमचं गाव वाळवा तालुक्यात, जिल्हा सांगली, आडनाव पवार. लहानपणापासून ऐकत आलोय की पणजोबा पलटणीत होते आणि बसऱ्याला (आताच्या इराकमध्ये) गेले ते काही परत आले नाहीत. आजोबा तेव्हा पाळण्यात होते म्हणे, आता तेही नाहीत, मग विचारायचं कुणाला. आत्या म्हणते हवालदार होते, थोरले चुलते म्हणतात हवालदार बिवलदार काही नाही, साधे शिपाई, आणि पुरावा दोघांकडेही शून्य. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या साईटवर (युद्धात मेलेल्यांच्या नोंदी असतात तिथं) पवार, सांगली टाकून पाहिलं, काहीच आलं नाही. पलटण माहीत नाही, साल माहीत नाही, फोटो नाही. कुणबी दाखला बिखला काढायचा नाहीये (आधीच सांगतो, नाहीतर धागा तिकडंच जाईल), माणसाचं काय झालं एवढंच कळायला हवंय.

पलटणवाला
अहो सांगली टाकून कसं सापडेल, तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. १९४९ ला दक्षिण सातारा झाला आणि १९६० ला त्याचं सांगली झालं, वाळवा त्याआधी साताऱ्यात. तेव्हा सातारा टाका, आणि पवारमध्ये पी नंतर ए च्या जागी ओ टाकून बघा, कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलंय. नुसतं पहिलं नाव आणि आडनावाच्या जागी काहीच नाही असंही असतं. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका दिलेला असतो, म्हणून गावाच्या नावानेही शोधा, तेही चार स्पेलिंगांनी.

मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ या तीन मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकमध्ये, कुट अल अमाराला तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. घोडी खेचरं कापून खायची वेळ आली आणि शेवटी शरण गेले, कैदेत चालवत नेताना किती मेले त्याला हिशोब नाही. १०५, ११४, ११६ याही मेसोपोटेमियात होत्या. १९२२ ला सगळ्या पलटणींचे नंबर बदलले, त्यामुळे आजच्या बटालियनच्या नावावरून मागे जाताना गोंधळ होतो, तो टाळा. बसऱ्याच्या स्मारकावर कबर न सापडलेल्या ४० हजारांहून जास्त लोकांची नोंद आहे, पण गोऱ्यांची नावं कोरली आणि आपल्या शिपायांचा फक्त पलटणीनुसार आकडा. नावं रजिस्टरात आहेत, दगडावर नाहीत. यावर बोलायला लागलो तर रात्र जाईल.

पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचे ते पंजाबचे रजिस्टर ऑनलाईन आलेत म्हणून कुणी लिंक देईल, ते पंजाबपुरतेच आहेत, आपल्याला उपयोग नाही. घरात मेडल आहे का ते आधी बघा. कडेला बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट कोरलेलं असतं. नंबर मिळाला की निम्मं काम झालं, मग बेळगावच्या मराठा सेंटरला (मराठा रेजिमेंटच्या मुख्य केंद्राला) पत्र लिहिण्यातही अर्थ आहे.

निवृत्त भाऊसाहेब
पलटणीचं मला कळत नाही, तलाठी म्हणून नोकरी गेली. जमीन होती ना? मग जुने फेरफार काढा, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये, थोडंफार स्कॅन होऊन महाभूमीच्या अभिलेख साईटवर पण आलंय. पणजोबा वारले असतील तर वारस नोंद लागली असणार आणि तुमचे आजोबा लहान म्हणून त्यांच्या नावापुढे अ.पा.क. आई अमुक असं असेल, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. त्या फेरफाराची तारीख तुमच्या कामाची. पण थोरला भाऊ ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणून लागलेला असेल तर पणजोबांचं नाव उताऱ्यावर कधी आलंच नसेल, एकत्र कुटुंबात असंच चालायचं, तेव्हा नाव नाही म्हणून घाबरू नका.

दुसरं म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना १४. जन्म मृत्यू त्यात. तुमच्या आजोबांचा जन्म आधी शोधा, तिथून साल बांधलं जाईल. मोडीत असेल, वाचणारा माणूस लागेल. शाळेचं जनरल रजिस्टर पण बघून ठेवा, पालकाच्या रकान्यात बापाऐवजी चुलत्याचं किंवा आईचं नाव दिसलं तर काय ते समजा.

मोडीप्रेमी ताई
शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधताना जिल्ह्याजिल्ह्यातली जुनी रजिस्टरं स्कॅन झाली, बरीच जिल्ह्यांच्या साईटवर टाकली आहेत. तुम्हाला दाखला नको असला तरी पानं तीच, फुकटात मिळतायत तर घ्या. आणि तुमच्या भागात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणारे, येतात ना? बैल घेऊन, वह्या घेऊन. आमच्याकडे दर दोन तीन वर्षांनी येतात, आमच्या सासऱ्यांच्या पाच पिढ्या हेळव्याने घडाघडा वाचल्या. तारखा नसतात पण कोण कुणाचा मुलगा याला तोड नाही.

कृष्णाकाठचा
सगळ्यांचे आभार. मेडल आहे!! चुलत्यांच्या देव्हाऱ्यात, लक्ष्मीपूजनाला बाहेर निघतं, आम्ही आजवर जुनं नाणं समजत होतो. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर उघडाबंब माणूस आणि १९१४ १९१८. कडेवरची अक्षरं झिजलीत, नंबरचे शेवटचे आकडे, नाव आणि पुढे लेबर कोअर एवढं लागलं. रंग लालसर आहे, चांदीचं वाटत नाही, काकूला चिंच लावून घासायला सांगू का?

पलटणवाला
चिंच अजिबात नको!! आहे ती अक्षरं पण जातील. कडेला टॉर्च तिरका धरून फोटो काढा, नाहीतर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा.

लालसर आहे म्हणजे ब्राँझचं. ब्रिटिश वॉर मेडल शिपायांना चांदीचं दिलं आणि लेबर (मजूर), पोर्टर (हमाल) वगैरे लोकांना ब्राँझचं. म्हणजे हवालदार नाही आणि शिपाईही नाही, आत्या आणि काका दोघांचाही दावा गेला. रस्ते, रेल्वे, बसऱ्याचं बंदर, सगळीकडे या लोकांनी राबून काम केलंय, आणि मेलेल्यांची नोंद त्याच साईटवर आहे, फक्त मराठा पलटणीऐवजी लेबर कोअर निवडा. आणखी एक, मेडल परत आलेल्यालाही मिळायचं. मेडल आहे म्हणजे तिकडेच गेले असं धरून चालू नका.

निवृत्त भाऊसाहेब
हे बरोबर. मग कोतवाल बुकात १९१६ ते १९२० सगळंच बघा, मृत्यूच्या बाजूला. १९१८ चा मानमोडीचा ताप, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, गावोगाव होता, त्या पानांवर ताप, ताप, ताप एवढंच लिहिलेलं असतं, कंटाळून पान उलटू नका. अर्जात नुसतं पाहायला मिळावं असं लिहू नका, नक्कल मिळावी लिहा, गाव, नमुना आणि साल टाका. सोमवारी जाऊ नका, गर्दी असते.